त्रात्तोरिया (रोम)

त्रात्तोरिया म्हणजे इटलीतील घरगुती खानावळ. ती बहुधा एकाच कुटुंबाच्या हातात असते. आई किंवा आजी चुलीपाशी, मुलगा टेबलांमधून फिरतो, सून हिशोब बघते आणि म्हातारा मालक गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतो. पदार्थ त्याच शहराचे, त्याच पंचक्रोशीचे असतात. या नोंदीत रोमच्या त्रात्तोरियांपुरतेच लिहिले आहे. बोलोन्या किंवा नापोली येथेही हाच शब्द पाटीवर दिसतो, पण पानात पडते ते पूर्णपणे निराळे.

‘त्रात्तोरे’ म्हणजे पाहुण्यांना रांधून वाढणारा यजमान, त्यावरून हा शब्द आला. ‘ओस्तेरिया’ हा मुळात वाइनचा गुत्ता होता, तिथे गिऱ्हाईक खाणे घरून बांधून आणत असे. ‘रिस्तोरान्ते’ हे त्याहून खर्चिक आणि औपचारिक. आज हा फरक पुसट झाला आहे आणि महागड्या जागाही हौसेने स्वतःला ओस्तेरिया म्हणवून घेतात. त्यामुळे पाटीवर विसंबू नये. आज काय शिजले आहे ते मालक तोंडी सांगतो का, हे पाहावे.

‘आज’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रोममध्ये जुनी म्हण आहे : गुरुवारी न्योक्की (बटाट्याच्या पिठाचे छोटे उकडलेले गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. शुक्रवार हा कॅथलिकांचा मांस वर्ज्य करण्याचा वार, म्हणून त्या दिवशी काबुली चण्यांची पास्ता घातलेली आमटी आणि खारवलेला कॉड मासा. आदल्या दिवशी पोट भरून राहावे म्हणून गुरुवारी बटाट्याचे जड न्योक्की. शनिवारी रविवारच्या जेवणासाठी जनावरे कापली जात, चांगले मांस पैसेवाल्यांकडे जाई आणि गरिबाच्या वाट्याला वजडी येई. ती टोमॅटोच्या रश्शात शिजवून वर पुदिन्याच्या जातीचा रानटी पाला आणि किसलेले चीज घालतात. जुन्या त्रात्तोरियांत हा वारांचा क्रम अजून पाळला जातो. मंगळवारी जाऊन न्योक्की मागितले, तर नाही म्हणून सांगतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही.

रोमच्या या स्वयंपाकाचे मूळ शोधायचे तर तेस्ताच्चो या वस्तीत जावे लागते. तिथला मोठा कत्तलखाना १८८८ ते १८९१ या काळात बांधला गेला आणि १९७५ साली बंद झाला. धडाचे चार भाग करत, पुढचे दोन आणि मागचे दोन. ते विकले गेल्यावर डोके, जीभ, शेपूट, खूर, काळीज, आतडी आणि वजडी उरत. वजनाने हेही जवळपास एका भागाइतकेच भरे, म्हणून त्याला ‘क्विंतो क्वार्तो’ म्हणजे ‘पाचवा चौथा हिस्सा’ असे नाव पडले. कामगारांच्या मजुरीचा काही भाग याच मालात दिला जाई. ते हा माल समोरच्या खानावळीत नेऊन देत आणि शिजवून घेत. पुढे ज्याला रोमची खासियत म्हणून जगभर मान मिळाला, त्यातले कितीतरी या व्यवहारातून आले आहे.

कत्तलखान्यासमोर १८८७ पासून चालत आलेली ‘केक्कीनो’ ही मारियानी कुटुंबाची खानावळ ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’ या पदार्थाचे माहेर मानली जाते. वाच्चिनारी म्हणजे गुरे सोलणारे खाटीक, आणि कोदा म्हणजे शेपूट. बैलाचे शेपूट पेरापेरावर तोडून टोमॅटो आणि वाइनमध्ये कित्येक तास मंद आचेवर ठेवतात. मांस हाडापासून आपोआप सुटू लागले की मूठभर सेलरीचे दांडे, बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया आणि किंचित कडू कोको घालतात. ते काट्या-चमच्याने नीट खाताच येत नाही. पेर हातात धरून चोखावे लागते आणि तसे करताना कुणी बघत नाही. या खानावळीचे तळघर मोंते तेस्ताच्चो या टेकडीच्या पोटात आहे. ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी मातीची नाहीच. प्राचीन रोममध्ये ऑलिव्ह तेल ज्या रांजणांतून येई, त्यांच्या कोट्यवधी खापऱ्या रचून ती उभी राहिली. खापऱ्यांच्या फटींतून हवा खेळते म्हणून आतले तळघर भर उन्हाळ्यातही गार राहते आणि वाइन टिकते.

याच घराण्यातला आणखी एक पदार्थ म्हणजे ‘पयाता’. केवळ दूध पिणाऱ्या वासराची आतडी आतल्या दुधासकट शिजवतात आणि रश्श्याला मलईसारखा दाटपणा येतो. गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने २००१ साली यावर बंदी आली, ती २०१५ साली उठली. मधली वर्षे बहुतेकांनी कोकराच्या आतड्यांवर भागवले.

पास्त्याचे चार प्रकार मात्र प्रत्येक त्रात्तोरियात असायलाच हवेत. त्यांची मांडणी एखाद्या कुटुंबासारखी आहे. मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरीनो चीज आणि मिरी म्हणजे ‘काचो ए पेपे’. त्यात ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे खारवून मुरवलेले मांस घातले की ‘ग्रिचा’. ग्रिचात टोमॅटो पडला की ‘अमात्रिचाना’, आणि टोमॅटोऐवजी अंडे घातले की ‘कार्बोनारा’. अमात्रिचानाचे नाव ज्या अमात्रिचे गावावरून आले, ते २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. कार्बोनारा प्राचीन असल्याचे अनेक जण सांगतात, पण तिचे लेखी उल्लेख दुसऱ्या महायुद्धानंतरचेच आहेत. तिच्यात क्रीम घालत नाहीत.

यांत सर्वांत कमी जिन्नस काचो ए पेपेत लागतात आणि कस लागतो तोही तिथेच. काळी मिरी जाडसर कुटून कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजतात. त्यावर पास्ता उकळलेल्या पाण्याची पळी ओतली की ती चुरचुरते. पास्ता थोडा कच्चट असतानाच उचलून तव्यात घेतात, आच बंद करतात आणि बारीक किसलेले चीज थोडे थोडे टाकत तवा सतत हलवत राहतात. पाण्यात उतरलेला पिठूळपणा चिजाला धरून ठेवतो आणि प्रत्येक दोऱ्याला दाट, गुळगुळीत लेप बसतो. पाणी जास्त गरम असेल तर चिजाच्या रबरासारख्या गाठी होतात आणि मग काही करता येत नाही. तेल नाही, लोणी नाही, लसूण नाही. ताटलीत उरलेला लेप पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात. त्रात्तोरियात ती रांधणाऱ्याला दिलेली दाद समजली जाते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पेकोरीनो रोमानो हे चीज कोकराच्या जठरातील विरजणाने लावतात. म्हणजे मांस नसलेला काचो ए पेपेही काटेकोर अर्थाने शाकाहारी नाही. लसूण-मिरचीवर परतलेली ‘चिकोरिया’ ही कडसर पालेभाजी मात्र निर्धास्त मागावी. तिची चव आपल्या मेथीच्या भाजीची आठवण करून देते. हिवाळ्यात मिळणारी ‘पुंतारेल्ले’ दिसायला मोहक असते. तिच्या कोंबांच्या पट्ट्या बर्फाच्या पाण्यात टाकल्या की गोल गोल वळतात. पण तिच्यावरच्या लसूण-व्हिनेगरच्या चटणीत अँकोव्ही मासा वाटलेला असतो.

जेवणाचा क्रम असा : आधी पास्ता किंवा सूप (प्रीमो), मग मांस किंवा मासा (सेकोंदो) आणि त्याच्याबरोबर वेगळ्या बशीत भाजी (कोंतोर्नो), शेवटी गोड आणि कॉफी. सगळे घेतलेच पाहिजे असे नाही. घरची वाइन काचेच्या सुरईत पाव किंवा अर्धा लिटर अशी मापून येते. ती बहुधा शहरालगतच्या कास्तेल्ली रोमानी टेकड्यांवरची पांढरी असते. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. जेवणाऱ्याला उठवणे असभ्य मानतात. माणशी लागणारा ‘कोपेर्तो’ हा आकार लात्सिओ या रोमच्या प्रांताने २००६ च्या कायद्याने बंद केला, पण पावाचे पैसे बिलावर असतात.

बोलणे मोकळे असते. वाढपी परक्यालाही एकेरी हाक मारतो. जुन्या पिढीत मालकिणीला ‘सोरा’ म्हणत. सिन्योराचे हे रोमन बोलीतले आपलेपणाचे रूप. तिबेर नदीतल्या बेटावर १९५९ पासून असलेली ‘सोरा लेल्ला’ ही खानावळ एलेना फाब्रित्सी यांच्या याच लाडक्या नावाने ओळखली जाते. त्या स्वतः स्वयंपाकात तरबेज होत्या आणि उतारवयात चित्रपटांतून सगळ्या देशाची आजी झाल्या. १९९३ साली त्या गेल्या, तरी खानावळ घरच्यांनीच पुढे चालवली.

‘कुटुंबाने चालवलेली’ या शब्दांमागे बायकांचे कष्ट आहेत, आणि ते फार काळ कुणी मोजले नाहीत. मालकाची बायको, मुलगी, बहीण पहाटेपासून राबत, पण कागदोपत्री दुकान एकट्या पुरुषाचे. १९७५ च्या कुटुंब कायद्यातील सुधारणेने इटलीच्या दिवाणी संहितेत ‘कौटुंबिक उद्योग’ हे कलम आले. सातत्याने काम करणाऱ्या पती-पत्नीला, नात्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच्या रक्ताच्या नातलगांना आणि जवळच्या सासरच्या माणसांना चरितार्थाचा आणि नफ्यातील वाट्याचा हक्क मिळाला. २०२४ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही यात सामावून घेतले. कोणत्याही पदार्थाच्या इतिहासाइतकीच ही गोष्ट त्रात्तोरियाच्या इतिहासात मोलाची आहे.

आज अनेक घरांत पुढची पिढी चुलीपाशी उभी राहायला तयार नाही. शहराच्या मध्यभागी पर्यटकांची गर्दी वाढली, भाडी वाढली, आणि छायाचित्रे छापलेली मेन्यूकार्डे दारात लागली. कार्बोनारा हलवणारे हात आता बऱ्याचदा बांगलादेशातून किंवा इजिप्तमधून आलेल्या माणसाचे असतात. त्याने ती त्याच घरातल्या आजीकडून शिकलेली असते आणि चवीत फरक पडत नाही. १९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडले, त्याविरुद्धच्या निषेधातून कार्लो पेत्रिनी यांची, स्थानिक आणि पारंपरिक खाण्याचा आग्रह धरणारी ‘स्लो फूड’ चळवळ फोफावली आणि १९९० पासून तिने इटलीतील अस्सल खानावळींची वार्षिक सूची काढायला सुरुवात केली. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीचाही समावेश झाला.

रोमला जाणाऱ्याने ऑगस्ट टाळावा. १५ तारखेच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे कितीतरी जुन्या त्रात्तोरियांचे लोखंडी शटर खाली असते आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो : सुट्टीसाठी बंद. घरची सगळी माणसे समुद्रावर गेलेली असतात.