अ‍ॅझ्टेक मृद्भांड्यांवरील प्रतीकांची पार्श्वभूमी
मेशिका, म्हणजेच अ‍ॅझ्टेक, लोकांनी १३२५ च्या सुमारास टेनोच्टिट्लान ही आपली राजधानी वसवली, तेव्हा मेक्सिकोच्या खोऱ्यातील कुंभारकाम आधीच मुरलेले होते. नारिंगी भांड्यांवर काळ्या रेघांनी नक्षी काढण्याची रीत त्यांना शेजारच्या जुन्या गावांकडून मिळाली. फिरते चाक नसल्याने भांडी हाताने किंवा साच्यावर घडवली जात. पुढे या रेघा अधिकाधिक बारीक होत गेल्या. मिरची वाटण्यासाठी आतून खाचा पाडलेल्या तिपाई वाडग्यांच्या काठावरही समांतर रेघांची आणि ठिपक्यांची नेटकी ओळ दिसते.

चोलुला येथील बहुरंगी, चकचकीत भांड्यांची प्रतिष्ठा मात्र वेगळीच होती. अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाच्या जेवणासाठी तीच वापरली जात, असे स्पॅनिश सैनिक बेर्नाल दियास याने नोंदवले आहे. त्यांवरील पायऱ्यांची नागमोडी नक्षी, पिसे, कवट्या आणि आडवी-उभी हाडे चित्रपोथ्यांतील चिन्हांशी जुळतात. कवटी पाहून केवळ मृत्यू आठवणे हा या कलेवर अन्याय ठरेल, कारण केत्सालकोआत्ल या देवाने पाताळातून आणलेल्या हाडांपासूनच माणूस घडला, अशी त्यांची कथा आहे. म्हणजेच हाड हे नव्या जन्माचे बीजही होते.

प्रतीक आणि भांडे पूर्णपणे एकरूप झालेले दिसते ते पर्जन्यदेव त्लालोकच्या घटांत. १९७८ पासून पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली टेनोच्टिट्लानच्या महामंदिराचे उत्खनन सुरू झाले. तिथे सापडलेल्या निळ्या रंगाच्या एका घटावर गोल वलयांचे डोळे आणि लांब सुळे असलेला त्लालोकचा चेहरा उठावात घडवलेला आहे. त्लालोकचे छोटे सेवक घटांतून पाऊस ओततात आणि काठीने घट फोडले की मेघगर्जना होते, अशी समजूत होती. त्यामुळे देवाचा चेहरा ल्यालेला घट म्हणजे साक्षात पावसाचे पात्र होते.

दर ५२ वर्षांनी कालचक्र पूर्ण होताना नवाग्नीच्या विधीपूर्वी घराघरांतील भांडी फोडून टाकली जात. असा शेवटचा मोठा विधी १५०७ मध्ये झाला.

१५२१ मध्ये टेनोच्टिट्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्यावरही काळ्या-नारिंगी भांड्यांची घडण थांबली नाही. नक्षीत पक्षी, फुले आणि पाने अधिक मोकळेपणाने येऊ लागली, तर स्पॅनिशांनी आणलेले चाक आणि काचेसारखी झिलई नव्या कारखान्यांतून हळूहळू रुळत गेली.