संजीवके आणि द्राक्षाच्या पानाचे रसायन

सांगलीच्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात नव्या काड्यांसाठी करतात ती) द्राक्षबाग काळीभोर, म्हणजे गर्द हिरवी दिसली की नत्र चांगले लागू पडले, असे धरून चालतात. पण तो रंग बऱ्याचदा सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा असतो.

संजीवके म्हणजे झाडाच्या वाढीचे नियमन करणारी द्रव्ये; त्यांचा इतिहास भातापासून सुरू होतो. एका बुरशीच्या स्रावाने रोपे उंच, फिकट होऊन लोळतात, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानात दाखवले. याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्याला जिब्बरेलिन म्हटले; आपल्याकडचे जीए ते हेच. रोप फिकट पडते, कारण पान झपाट्याने पसरते आणि हरितद्रव्याला तो वेग गाठता येत नाही. १९५५ मध्ये कायनेटिन हे दुसरे संजीवक सापडले. तोडलेल्या पानाला ते दिल्यास प्रथिने व हरितद्रव्य जास्त दिवस टिकतात, हे रिचमंड आणि लँग यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले. बागेत फवारतात ते सिक्स-बीए (बेन्झिलॲडेनिन) याच कुळातले. १९६० मध्ये टॉल्बर्ट यांनी गव्हावर सीसीसीचा परिणाम मांडला. ते झाडातच जिब्बरेलिन तयार होऊ देत नाही. पेरे आखूड राहतात, पान लहान व जाड होते आणि तेवढ्याच जागेत हरितद्रव्य दाटते.

खरड छाटणीनंतर फुटीला पाच पाने आल्यावर ५०० आणि दहा पाने आल्यावर १००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) सीसीसी, ही रूढ पद्धत. ५० टक्क्यांचे सीसीसी लिटरला १ मिली घेतले की ५०० पीपीएम होते. शेंडा थांबत नाही म्हणून मात्रा वाढवली, तर पानांच्या कडा पिवळ्या पडतात, आणि ती खतांची कमतरता समजून वर आणखी फवारे बसतात. फळछाटणीनंतर, म्हणजे घड काढण्यासाठीच्या पुढच्या छाटणीनंतर, तर सीसीसीला हातच लावू नये. २०१० मध्ये युरोपात गेलेले द्राक्षांचे कंटेनर फळात राहिलेल्या याच्याच अवशेषांमुळे अडकले होते.

जीएचे गणित वेगळे. १ ग्रॅम आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून १०० लिटर पाण्यात टाकले की १० पीपीएम. आपल्या भागातले विहीर-बोअरचे पाणी बहुधा विम्लधर्मी; त्यात जीए लवकर निकामी होते, म्हणून सामू (पीएच) आधी सायट्रिक आम्लाने ६ च्या आसपास आणावा. द्रावण लगेच संपवावे, रात्रभर ठेवू नये.

देठ परीक्षणाचा, म्हणजे पानाच्या देठातली अन्नद्रव्ये मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल वाचताना हे सारे लागते. अन्नद्रव्यांचे आकडे सुक्या वजनावर निघतात. जोमाने वाढलेल्या वेलीत तेच पालाश (पोटॅश) जास्त वाढीत वाटले जाऊन टक्का घसरतो. वाढ रोखलेल्या वेलीत तोच फुगलेला दिसतो. नमुन्याच्या चिठ्ठीवर संजीवकाचे नाव, मात्रा आणि फवारणीची तारीख लिहावी. नुसत्या रंगावरून युरिया सोडू नये.