जर्मनीत कामाचा परवाना: आधी 'नाही, पण', आता 'हो, पण'

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशी कामांची यादी निघाली. दहा हजार तरुणांना जर्मन शिकवायचं ठरलं, आणि 'देर, दी, दास' ह्या जर्मन नामांआधीच्या उपपदांची घोकंपट्टी एकदम सरकारी योजनेत आली. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं १९६८पासूनचं, त्यामुळे ओळख नवी नाही. पण ज्या कायद्याच्या दारातून ही मुलं आत जाणार आहेत, त्या दाराला जुनी कडी आहे. ती कशी बसली आणि कशी सैल झाली, हे माहीत असलेलं बरं.

सुरुवात शेतापासून झाली. युद्धानंतर कारखाने उभे राहू लागले, गावातले तरुण तिकडे गेले आणि बाडेन-वुर्टेमबर्गच्या शेतकऱ्यांना हंगामाला मजूर मिळेनात. २० डिसेंबर १९५५ला रोममध्ये पश्चिम जर्मनीने इटलीशी मजूरभरतीचा करार केला. १९६०मध्ये स्पेन आणि ग्रीस आले. १९६१च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे जर्मन कामगार थांबले आणि ऑक्टोबरअखेर तुर्कस्तानशी करार झाला. पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. ह्या सगळ्यांना शब्द एकच मिळाला: 'गास्टआर्बायटर', पाहुणा कामगार. पाहुण्याला तिसऱ्या पाळीत भट्टीपाशी उभं करण्याची रीत आपल्याकडे तरी नाही.

पाहुणचाराची सुरुवात इस्तंबूलच्या जर्मन संपर्क कार्यालयात होई. अंगावरच्या अंतर्वस्त्रांनिशी माणसं गटागटाने रांगेत उभी. डॉक्टर दात बघत, रक्त-लघवी तपासली जाई. पास झालेल्यांना रेल्वेत बसवत आणि काही दिवसांचा प्रवास करून गाडी म्युनिकच्या फलाट ११वर लागे. फलाटाखाली युद्धकाळातला बंकर होता. तिथे जेवण, हजेरी आणि मग कोण कुठल्या कारखान्यात जाणार ह्याची वाटणी.

तुर्की करारात मुळात दोन वर्षांची मर्यादा होती. दोन वर्षं राबा, घरी जा, तुमच्या जागी दुसरा येईल. ही फिरती योजना मोडली ती कारखानदारांनी, आणि ते काही दयेपोटी नव्हे. यंत्रावर हात बसलेला माणूस परत पाठवून नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, हा हिशेब त्यांना परवडेना. १९६४मध्ये ते कलम गेलं.

कामगार संघटनांची भूमिकाही इथे लक्षात घ्यावी. परदेशी माणूस यायला हरकत नाही, पण वेतन-कराराप्रमाणे जर्मन कामगाराइतकाच पगार द्या, असा त्यांचा आग्रह होता. हेतू उघड होता: स्वस्त मजूर आणून आमचे दर पाडू नका. परिणाम मात्र असा झाला, की कागदावर तरी परदेशी कामगाराला जर्मन कामगार कायदा लागू राहिला. १९५१चा नोकरीतून काढण्याविरुद्धच्या संरक्षणाचा कायदा पासपोर्ट बघत नव्हता, आणि १९७२च्या सुधारणेनंतर कारखान्यातल्या कामगार परिषदेवर परदेशी माणूसही निवडून येऊ लागला. म्हणजे एकाच माणसावर दोन कायदे. कामगार कायदा म्हणे, तू आमचाच. परकीयांचा कायदा म्हणे, तू तात्पुरता. ही ओढाताण आजही संपलेली नाही.

कागद आणि प्रत्यक्ष ह्यांतलं अंतर दाखवणारी एक गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १० सप्टेंबर १९६४. कोलोन-डॉइट्झ स्थानकावर एक गाडी आली आणि ध्वनिक्षेपकावरून एका पोर्तुगीज सुताराचं नाव पुकारलं गेलं: आर्मांदो रॉद्रिगिश द सा. तो घाबरला, आपल्याला परत धाडतात की काय! पण तो दहा लाखावा पाहुणा कामगार ठरला होता. फुलं दिली, बॅंड वाजला, झुंडॅप कंपनीची मोपेड भेट मिळाली. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास-संग्रहालयात आहे. रॉद्रिगिश मात्र काही वर्षांनी आजारी पडला, गावी परतला आणि १९७९मध्ये कर्करोगाने वारला. साठवलेला पैसा उपचारांत गेला. जर्मन विम्यातून आपल्याला मदत मिळू शकते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

१९७३च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढलं, आणि संघटनेला न विचारता संप पेटला. तीनच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, तेलसंकटाचं निमित्त सांगून श्रम मंत्रालयाने भरती थांबवली. कायदा नाही, संसदेत चर्चा नाही. एका टेलेक्सवर काम भागलं. तेव्हा सुमारे २६ लाख परदेशी कामगार नोकरीत होते. ही संख्या घटावी हा उद्देश, पण घडलं उलटंच. तोवर माणसं ये-जा करत होती, आता गेलं की परतीची वाट बंद. मग कोण जाणार? लोक थांबले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. १९८३मध्ये सरकारने घरी जाणाऱ्याला १०,५०० मार्क आणि मुलामागे १,५०० देऊ केले, तरी बहुतेकांनी तिथेच राहणं पसंत केलं.

(पूर्व जर्मनीने व्हिएतनाम आणि मोझांबिकमधून असेच करारी कामगार आणले होते. त्यांचे नियम आणखी कडक. तिथे गरोदर राहिलेल्या बाईपुढे गर्भपात किंवा घरची वाट, एवढंच उरे.)

पुढची तीसेक वर्षं जर्मनीचं मूळ उत्तर 'नाही' हेच होतं. त्यावर १९९०मध्ये एक अध्यादेश आला, ज्याचं नाव एका दमात म्हणून दाखवावं: 'आनवेर्बेश्टॉपआउसनामेफेरओर्डनुंग', म्हणजे भरतीबंदीच्या अपवादांचा अध्यादेश. त्यात एक कलम खास पदार्थांच्या स्वयंपाक्यांचं होतं. जर्मनीतल्या भारतीय हॉटेलांमधले कितीतरी तंदूरवाले ह्याच फटीतून आत आले. इंजिनिअरच्या आधी आचारी!

इंजिनिअरची पाळी २००० साली आली. हॅनोवरच्या सेबिट ह्या संगणक-प्रदर्शनात चॅन्सलर श्र्योडर ह्यांनी 'ग्रीन कार्ड'ची घोषणा केली: संगणक तज्ज्ञांसाठी २०,००० जागा, मुदत पाच वर्षं, पदवी नसेल तर वर्षाला एक लाख मार्क पगार. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे युर्गेन र्‍युटगर्स ह्यांच्या नावाला 'किंडर श्टाट इंडर' ही यमकी घोषणा चिकटली: भारतीय नकोत, आपली मुलं हवीत. ते निवडणूक हरले. पण नाव अमेरिकी आणि मुदत पाच वर्षांची, अशा कार्डासाठी झुंबड काही उडाली नाही. कोटा शेवटपर्यंत भरला नाही.

त्यानंतरच्या स्थलांतर कायद्याचा प्रवास तर नाटकच. मार्च २००२मध्ये राज्यांच्या सभागृहात ब्रांडेनबुर्गच्या एका मंत्र्याने 'हो' म्हटलं, दुसऱ्याने 'नाही'. एका राज्याचं मत एकच असावं लागतं. सभागृहाच्या अध्यक्षांनी ते 'हो' धरलं, गदारोळ झाला आणि डिसेंबरात घटना न्यायालयाने कायदाच रद्द केला. तडजोडी होऊन तो १ जानेवारी २००५ला लागू झाला. २०१२मध्ये युरोपीय ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा वास्तव्य-परवाना, आलं, ज्यात चांगलं जर्मन येणाऱ्याला २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू लागलं.

माझ्या मते खरी कलाटणी १ मार्च २०२०ची. त्या दिवसापासून वास्तव्य कायद्यात एक वाक्य उलटं झालं: ज्याच्याकडे वास्तव्याचा परवाना आहे तो काम करू शकतो, कायद्याने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. पुढची पावलं त्याच दिशेची. २०२३च्या अखेरीस पदवी नसलेल्या, पण अनुभवी संगणक तज्ज्ञांना ब्लू कार्ड खुलं झालं. जून २०२४मध्ये गुणांवर मिळणारं 'संधी कार्ड' आलं, ज्यावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास कामही करता येतं. ऑक्टोबर २०२४मध्ये कुशल भारतीयांच्या व्हिशांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० करण्यात आली.

'हो'पुढचा 'पण' मात्र शिल्लक आहे, आणि तो नोकरी जाते तेव्हा कळतो. दहाहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत सहा महिने भरले की नोकरीतून काढण्याविरुद्धचा तो १९५१चा कायदा लागू होतो, आणि काढल्याचं पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावता येतो. इथपर्यंत शेजारच्या टेबलावरचा जर्मन सहकारी आणि आपला माणूस सारखेच. पण आपल्या माणसाला नोकरी संपत असल्याचं दोन आठवड्यांत परकीय विभागालाही कळवावं लागतं, आणि मग दुसरी नोकरी शोधायला साधारण काही महिनेच मिळतात.

१ जानेवारी २०२६पासून मालकांवर एक छोटं बंधन आलं आहे. परदेशातून भरती केलेल्या माणसाला, फार तर कामाच्या पहिल्या दिवशी, लेखी कळवायचं: कामगार हक्कांबद्दल मोफत सल्ला कुठे मिळतो आणि जवळच्या केंद्राचा पत्ता काय. रॉद्रिगिशला १९६४मध्ये मोपेडसोबत हा कागद मिळाला नव्हता.