हेल्पलाइनचा नंबर सगळ्यात शेवटी आला

घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनवर बसणाऱ्या बाईला लग्नकार्यात, सोसायटीत, कुठेही गेली तरी एक प्रश्न हमखास विचारला जातो, की नुसतं फोनवर बोलून होतं काय? प्रश्न चुकीचा नाहीये. फोनवर बोलून कोणाचा हात थांबत नाही. पण आपल्याकडे हा फोन कुठल्या वाटेने आला ते बघितलं की उत्तर बऱ्यापैकी कळतं. आधी मोर्चा आला, मग कायदा, मग पोलिसांच्या ऑफिसात एक टेबल, मग हॉस्पिटलात एक खोली, आणि या सगळ्याच्या नंतर नंबर.

अमेरिकेत बरोब्बर उलटं झालं होतं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात विमेन्स ॲडव्होकेट्स नावाच्या गटाने १९७२ मध्ये आधी फोनच सुरू केला, तोही घटस्फोट वगैरेची कायदेशीर माहिती द्यायला. पण बायका फोन करून विचारायला लागल्या की आज रात्री मी जाऊ कुठे? मग या कार्यकर्त्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं, आणि शेवटी १९७४ मध्ये निवाऱ्यासाठी वेगळं घर उघडलं. म्हणजे तिथे फोनमुळे कळलं की घर लागणार आहे.

आपल्याकडे त्या काळात फोन होता कुठे? नंबर लावला की कनेक्शनची वाट बघण्यात वर्षं जायची, आणि ज्यांच्याकडे आला त्यांच्याकडे तो हॉलमध्ये, सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी, डायलला छोटंसं कुलूप घालून. सुनेने त्यावरून काय सांगायचं? त्यामुळे तेव्हाच्या बायकांची हेल्पलाइन म्हणजे पत्र. माहेरी बहिणीला, मैत्रिणीला, तेही कोण वाचेल या भीतीने अर्धं लिहिलेलं आणि अर्धं गिळलेलं.

पुण्यातलं मंजुश्री सारडा प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. जून १९८२, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, आणि सायनाइडने मृत्यू. नवऱ्याला सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तिन्ही कोर्टांत चर्चा कशावर झाली तर तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांवर. सुप्रीम कोर्टाला त्या पत्रांमधून आत्महत्येची शक्यता नाकारता येईना. कायदा शिकणारी मुलं आजही हा निकाल परिस्थितीजन्य पुराव्यासाठी पाठ करतात. मला मात्र त्यातली पत्रंच जास्त छळतात. तिने सांगितलं होतं, तिच्या परीने लिहून सांगितलं होतं, पण ते ऐकून पुढे नेमकं काय करायचं याची कसलीच सोय कुठे नव्हती.

त्या वर्षांत पेपरमध्ये 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही दोन ओळींची बातमी इतकी नेहमीची होती की कोणी थांबून वाचत नसे. मंजुश्रीच्या मृत्यूनंतर पुण्यात लोक रस्त्यावर आले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच नारी समता मंच काढला, आणि पुढे मंचाने 'बोलते व्हा' नावाचं केंद्र चालवलं, जिथे बाईने यायचं आणि फक्त बोलायचं, कोणी तिला 'जरा सांभाळून घे' म्हणणार नाही. माझ्या मते आपल्याकडच्या हेल्पलाइनचं मूळ या खोलीत आहे. वायर नंतर जोडली गेली.

देशभरातल्या अशाच रेट्यामुळे १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८अ हे कलम आलं, नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ब आलं. (आता १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत कलमांचे आकडे बदललेत, पण फोनवर अजून सगळ्या 'चारशे अठ्ठ्याण्णव'च म्हणतात.) कायदा आला पण पोलिस स्टेशनला गेलं की 'घरचा मामला आहे, घरी मिटवा' हेच. आणि बाईलाही बऱ्याचदा केस नकोच असायची, ती म्हणायची साहेब, त्याला जरा दम द्या फक्त.

मग १९८४ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि मुंबई पोलिस यांनी मिळून एक भन्नाट गोष्ट केली, खुद्द पोलिस आयुक्तांच्या ऑफिसात, क्रॉफर्ड मार्केटजवळ, महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल उघडला. खाकीतली माणसं नाहीत, प्रशिक्षित सोशल वर्कर, पण बसणार पोलिसांच्याच छपराखाली. यातली खुबी अशी, की सेलमधून बोलावणं गेलं की नवरा येतो. तोच नवरा एखाद्या संस्थेच्या चिठ्ठीला किंमत देत नाही. स्त्रीधन परत आणायला सोबत पोलिस मिळतात, मुलांचे शाळेचे दाखले सोडवून घेता येतात. पुढे राज्य सरकारने हे सेल आपल्या यंत्रणेत घेतले, आणि मग इतर राज्यांनीही तो नमुना उचलला.

दुसरी जागा हॉस्पिटल. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण टाके घालायला तर जावंच लागतं ना. तिथे ती सांगते बाथरूममध्ये पडले, जिन्यावरून घसरले, चुकून फिनेल प्यायले. २००० च्या सुमारास सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' केंद्र सुरू केलं, आणि नर्सेसना, डॉक्टरांना शिकवलं की ही जखम जिन्यावरून पडल्याची आहे का हे बघा, एमएलसीवर, म्हणजे पोलिस केस होऊ शकेल अशा जखमेच्या हॉस्पिटलातल्या नोंदीवर, नीट लिहा, तिला या खोलीत पाठवा. एमएलसीचा तो कागद तीन वर्षांनी कोर्टात किती कामाला येतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत.

तरीही एक मोठं भोक राहिलंच होतं. बायका सांगायच्या, मला त्याला जेलमध्ये नाही घालायचंय, मला मार नको आणि घरात राहायचंय. ४९८अ मध्ये यासाठी काहीच नव्हतं. ते दिलं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर तिच्या नावावर नसलं तरी राहायचा हक्क, संरक्षणाचा आदेश, पोटगी, आणि संरक्षण अधिकारी नावाचा एक माणूस जो तिची तक्रार लिहून कोर्टापर्यंत नेईल. शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणं, हेही हिंसेत आलं. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. म्हणतो, एवढंच. संरक्षण अधिकाऱ्याकडे बऱ्याच ठिकाणी हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून असतं, म्हणजे त्यांना गाठायचं तर आधी त्यांचं दुसरं टेबल कुठे ते शोधा.

आणि आता फोन. पिवळे पीसीओ गल्लोगल्ली झाले, मग १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा इन्स्टिट्यूटमध्येच, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुलांसाठी १०९८ सुरू झाला, आणि फुकटात लागणारा, लक्षात राहणारा चार आकड्यांचा नंबर काय करू शकतो ते देशाने पाहिलं. बायकांसाठी पोलिसांचे १०९१, मुंबईत १०३ असे नंबर होतेच. पण दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया घटनेनंतर तिथे १८१ सुरू झाला, आणि १ एप्रिल २०१५ पासून केंद्राने ती योजना देशभर नेली, सोबत वन स्टॉप सेंटरची, म्हणजे एका छताखाली डॉक्टर, वकील, समुपदेशक आणि काही दिवसांचा निवारा.

म्हणजे १८१ लागतो तेव्हा मागे एवढं सगळं असतं, निदान असायला हवं. फोन उचलणारी ताई पहिल्यांदा 'काय झालं' विचारत नाही, आधी विचारते की आत्ता बोलू शकता का, शेजारी कोणी आहे का. मग मार लागलाय का, मुलं कुठे आहेत, तो कधी येतो. सासू खोलीत आली की पलीकडचा आवाज एकदम बदलतो, 'हो ताई, ब्लाउजला अस्तर लावा, उद्या येते न्यायला', आणि इकडून फक्त म्हणायचं बरं, उद्या किती वाजता? ती जी वेळ सांगेल ती लिहून ठेवायची. आपण उलटा फोन करायचा नाही, तिने स्वतःहून कर म्हटल्याशिवाय. आणि निघायची वेळ आलीच तर आधार कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचे दोन फोटो, हे एका पिशवीत शेजारणीकडे आधीच ठेवून द्या म्हणून सांगायचं.

मार्च २०२० च्या लॉकडाउनने यातली निम्मी गणितं मोडली, कारण 'तो कामावर गेला की बोलते' ही वेळच संपली. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सॲप नंबर काढला तो त्यामुळेच, बोलता येत नसेल तर टाइप करा. पण त्याला फोन स्वतःचा लागतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात फक्त ५४ टक्के निघाल्या. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. हेल्पलाइनचे कॉल वाढले की पेपरवाले 'हिंसाचारात वाढ' छापतात, मला मात्र कॉल वाढले की जरा बरंच वाटतं.

परदेशात गेलेल्यांची वेगळीच कथा. न्यू जर्सीत १९८५ मध्ये दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' सुरू झाली, कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये 'मैत्री'. तिकडे नवऱ्याच्या नोकरीवर बाईचा व्हिसा, इंग्रजीत पोलिसांना सांगायची धास्ती, आणि पुण्या-नाशकातल्या आईला तर सगळं छान चाललंय असंच सांगितलेलं. अशा वेळी पलीकडून आपली भाषा कळणारं कोणी भेटलं तर बाई बोलते, नाहीतर माफी मागून फोन ठेवते.

अलीकडे १८१ ला ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडलंय. पोलिसांची गाडी लवकर पोहोचते हे खरं, पण गाडी दारात उभी राहिलेली सगळ्यांना हवी असते असं नाही. पोलिस दम देऊन निघून गेले की नंतरची रात्र तिलाच काढायची असते. म्हणून गाडी पाठवायची का, हे तिला विचारावं लागतं, जिवावर बेतलं असेल तेवढं सोडून.