दोन उड्या आणि एक पाऊल

कॅनडाच्या टेरी फॉक्सची १९८० सालची धावतानाची चित्रफीत प्रथम पाहणाऱ्याचा हमखास एक गैरसमज होतो. त्याचा डावा पाय जमिनीवर टेकतो, तोच पाय लहानशी उडी घेऊन पुन्हा टेकतो, आणि मग कुठे उजवा कृत्रिम पाय पुढे येतो. पाहणाऱ्याला वाटते, बिचारा वेदनेने लंगडतो आहे. वेदना त्याला होत होत्याच. पण त्या जादा उडीचे मूळ वेदनेत नसून लंबकाच्या गणितात आहे.

ऑस्टिओसारकोमा या हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभारावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट जॉन्स येथून देशाच्या पश्चिम टोकाकडे धावण्यास सुरुवात केली. रोज एक मॅरेथॉन, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर, हे त्याचे उद्दिष्ट होते.

आपण धावतो तेव्हा मागे राहिलेला पाय आपोआप पुढे येत नाही. मांडीच्या पुढचे स्नायू नडगीला पुढे खेचतात आणि मागचे स्नायू तिला वेळेवर आवरतात, म्हणून सावकाश धावतानाही हा झोका साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत पुरा होतो. गुडघ्याच्या वर पाय कापला गेला की नडगी हलवणारे हे स्नायू निकामी होतात, आणि कृत्रिम गुडघ्याखालचा भाग बिजागरीला टांगलेल्या लंबकासारखा झुलू लागतो. लंबकाला घाई करता येत नाही, कारण त्याचा आवर्तकाल लांबी आणि गुरुत्वाकर्षण यांवर ठरतो. ४० सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला एक पूर्ण झोका घेण्यास सुमारे १.२७ सेकंद लागतात, म्हणजे मागून पुढे येण्यास ०.६३ सेकंद. चालण्याच्या गतीशी हे कसेबसे जुळते, धावण्याच्या गतीशी जुळत नाही. टेरीच्या कृत्रिम पायात स्प्रिंग होत्या, तरी प्रत्येक पावलानंतर त्या पूर्ववत होण्यास वेळ लागत असे. शिवाय असा साधा गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच त्यावर भार पडला, तर त्याला सावरणारा स्नायू नसल्यामुळे तो दुमडतो आणि माणूस कोसळतो. म्हणून गुडघा सरळ होईपर्यंतचा सेकंदाचा अंश कुठेतरी घालवणे भाग होते, आणि टेरी तो डाव्या पायावरच्या दुसऱ्या उडीत घालवीत असे.

या उडीची किंमत मोठी होती. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट बल येते, आणि टेरीच्या डाव्या पायाला ते प्रत्येक फेरीत दोनदा सोसावे लागत होते. उजवीकडे तोच भार मांडीच्या खुंटाची कातडी पेलत होती. तळपायाच्या त्वचेला निसर्गाने अशा कामासाठी जाड केले आहे. मांडीच्या त्वचेला नाही. त्यामुळे खुंटावर जखमा होत आणि रक्त येत असे.

हे कष्ट दुरूनही दिसत होते, आणि माझ्या मते निधीशी त्याचा थेट संबंध आहे. ऑलिव्होला आणि शफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की एखाद्या सत्कार्यासाठी स्वतःला कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील, तर लोक त्या कार्याला अधिक देणगी देण्यास तयार होतात. तो अभ्यास देणाऱ्याच्या स्वतःच्या कष्टांविषयी आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून दुसऱ्याचे कष्ट पाहणाऱ्याच्या मनातही असेच काही घडत असावे, हा माझा तर्क आहे.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ, खोकला आणि छातीतील वेदनांमुळे त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. सकारात्मक विचारांनी आणि जिद्दीने कर्करोग बरा होतो, असे सांगत फिरणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. जिद्दीत टेरीला मागे टाकणारा माणूस सापडणे कठीण आहे, पण रक्तावाटे फुप्फुसांत गेलेल्या पेशींना जिद्द कळत नाही. असे सांगणारे लोक नकळत रुग्णालाच दोषी ठरवतात, आणि ते मला क्रूर वाटते. टेरीला स्वतःला हे नेमके कळले होते. त्याच्या बचावाची शक्यता सुमारे ५० टक्के असल्याचे, आणि दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के असती असे, डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. हा फरक नव्या औषधोपचारांनी घडवला होता, आणि म्हणूनच त्याने पैसे संशोधनासाठी मागितले.

त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या दौडींतून पुढे ८० कोटींहून अधिक कॅनेडियन डॉलर उभे राहिले. २०१२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय सन्मानदालनात, डॉक्टर आणि शास्त्रज्ञांच्या रांगेत, या धावपटूला स्थान मिळाले. ते मला पूर्णपणे उचित वाटते.

दरम्यान गुडघाही बदलला. आजच्या अनेक कृत्रिम गुडघ्यांत द्रवाने भरलेला सिलिंडर असतो. चाल वाढली की तो नडगीला मागे फार उंच जाऊ देत नाही आणि लवकर पुढे आणतो. खाली कार्बन फायबरचे लवचिक पाते असते. अशा पायांवर गुडघ्यावरून पाय गमावलेले धावपटू एकामागून एक पाऊल टाकीत धावतात, आणि मधली ती दुसरी उडी त्यांना घ्यावी लागत नाही.