दोरी आठ जणांची, जोर किती जणांचा?

गड्ड्याच्या यात्रेआधी सोलापुरात नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेतले हे सात नंदीध्वज म्हणजे उंचच उंच, वजनदार काठ्या. पेलणारा एक, भोवती बाराबंदी घातलेले बाकीचे. तो दमला की दुसरा पुढे होतो. इथे अंगचोरीला जागाच नाही. सगळ्यांचे डोळे पेलणाऱ्यावर असतात, आणि तोल गेलाच तर सावरणारे हात शेजारी आहेत हे त्यालाही माहीत असतं. गटात माणूस जीव ओतून काम कधी करतो, याचं इतकं चोख उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच्या उलट काय होतं, ते मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने मोजलं. १८८०च्या दशकात त्याने माणसांना दोरी ओढायला लावली, आधी एकेकट्याला, मग गटाने. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर जवळपास निम्म्यावर आला. सगळ्यांचे हिसके एका वेळी बसत नसतील, असं कुणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरंही आहे. पण १९७४मध्ये अॅलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून मागे बाकीचे ओढताहेत असं नुसतं भासवलं. तरीही त्याचा जोर उतरला. पुढे मानसशास्त्रज्ञ बिब लटाने यांच्या गटाने लोकांना एकत्र ओरडायला सांगितलं. आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे ज्याला माहीत होतं, त्याने घसा ताणणं सोडलं नाही.

अंगाची चोरी निदान दिसते. डोक्याची दिसत नाही, म्हणून मला तीच जास्त घातक वाटते.

सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत गटातले शेतकरी माल किती निघेल ते बघायला जमले, असं धरा. जाणते अण्णा आधीच म्हणून गेले, "आठ टनाला मरण नाही." मग बाकीचे साडेसात-आठच्या पलीकडे जात नाहीत. खालच्या अंगाची तेल्या रोग पडलेली झाडं ज्याने पाहिलीत, तोसुद्धा गप्प. अंदाज पाच जणांचे दिसतात, असतो एकाचाच. एकाची चूक दुसऱ्याच्या उलट चुकीने भरून निघायची, तर दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

मधमाश्यांना हे साधलेलं आहे. जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली यांनी कित्येक वर्षं त्यांचे थवे अभ्यासले. पोळं सोडून निघालेला थवा फांदीला लटकतो आणि काहीशे टेहळ्या माश्या नवी जागा शोधायला जातात. परतलेली माशी नाचून पत्ता सांगते; जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. तो पाहून दुसरी माशी लगेच नाचू लागत नाही. ती स्वतः जाते, पोकळीत फिरून तपासते आणि मगच आपल्या मापाने नाचते. शिवाय प्रत्येकीचा जोर फेरीगणिक ओसरत जातो, त्यामुळे सुमार जागा आपोआप मागे पडते. एका जागी एकाच वेळी वीस-तीस माश्या जमल्या की निर्णय पक्का. मग उडण्याचे स्नायू तापवून हजारो माश्या एकदमच उडतात, मागे कुणी राहत नाही.

आपल्या गटांना यातलं निम्मं तर फुकटात जमण्यासारखं आहे. बागेतून फिरून आल्यावर कुणी तोंड उघडायच्या आत प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा. अण्णांनीही. चिठ्ठ्या उघडल्या की मनसोक्त वाद घालावा. तेल्याची झाडं पाहिलेल्याने साडेपाच लिहिलेलं असेल, तर "का रे बाबा?" हा प्रश्न त्याला कुणीतरी विचारेलच.