‘समक्ष’ म्हणजे कोठे? देशाबाहेरून नोंदवल्या जाणाऱ्या साक्षीची पार्श्वभूमी

देशाबाहेरील साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नोंदवणे या विषयावर वकील आणि न्यायिक अधिकारी यांची परिषद घेण्याचे ठरले, तेव्हा पहिल्याच आराखड्यात जोडणी, कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि कागदपत्रांचे स्कॅनिंग यांनी बहुतेक सत्रे व्यापली. या बाबी आवश्यक आहेतच. मात्र गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्या न्यायालयांत यंत्रावरून वाद फार थोडा झाला. खरा वाद झाला तो पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवावा या नियमातील ‘समक्ष’ या एका शब्दावरून, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

परदेशातील साक्षीदाराची अडचण मुळात जुनीच आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २६ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतील कमिशनविषयीची कलमे यांनी त्यावर एक वाट काढून ठेवली होती. न्यायालयाने कमिशन काढावे (म्हणजे साक्ष नोंदवण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीवर सोपवावे) किंवा परदेशी न्यायालयाला विनंतीपत्र पाठवावे, साक्षीदार असेल तेथे प्रश्नोत्तरे नोंदली जावीत आणि कागद परत यावेत, अशी ती पद्धत. वेळ भरपूर जात असे आणि साक्षीदाराचा चेहरा न्यायाधीशांना दिसत नसे. पण एक गोष्ट निर्विवाद होती. साक्ष परक्या भूमीवर घेतली जात आहे, हे सर्वांना ठाऊक असे.

ही स्पष्टता धूसर झाली ती मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात. १९८७ साली कर्करोगाच्या एका रुग्ण महिलेवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वी न्यूयॉर्कच्या एका तज्ज्ञाने तिला तपासून शस्त्रक्रिया करू नये असे मत दिले होते. पतीच्या तक्रारीवरून मुंबईतील डॉक्टरवर खटला उभा राहिला तेव्हा त्या तज्ज्ञाची साक्ष कळीची ठरली. ते भारतात यायला तयार नव्हते, मात्र पडद्यावरून साक्ष द्यायला तयार होते. दंडाधिकाऱ्यांनी परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे सारा युक्तिवाद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ भोवती फिरला. पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवला पाहिजे, असे ते कलम सांगत असे. समक्ष म्हणजे त्याच खोलीत, देहाने समोर, असे आरोपीच्या बाजूचे म्हणणे होते. पडद्यावरचे दर्शन हा आभास आहे, असेही सांगण्यात आले. १ एप्रिल २००३ च्या निकालाने हे नाकारले. आरोपीला व्यक्तिशः हजेरीतून सूट असेल तर त्याच्या वकिलासमक्ष पुरावा नोंदवता येतो, असे तेच कलम म्हणत असे. म्हणजे ‘समक्ष’ याचा अर्थ शारीरिक समोरासमोर एवढाच कायद्यालाही अभिप्रेत नाही, हा त्यातील सर्वांत भक्कम मुद्दा. स्पर्श सोडला तर पडद्यावरचा माणूस दिसतो, ऐकू येतो, त्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपता येतात, आणि हा आभास नसून वास्तव आहे, असे न्यायालयाने म्हटले. जेथे साक्ष नोंदवली जाईल तेथे भारतातून किंवा आपल्या दूतावासातून एक अधिकारी नेमावा आणि खोलीत अन्य कोणी नसल्याची त्याने खात्री करावी, अशी काळजीही घेतली. (आरोपी डॉक्टर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, हेही येथे नोंदवले पाहिजे.)

हा निकाल मला योग्य वाटतो. त्याने आरोपीचा हक्क कमी केला नाही, उलट कमिशनच्या कागदावर कधीच न दिसणारा साक्षीदार त्याला दाखवला. परंतु त्यातच एक वाक्यवळण असे आहे की त्यावर परिषदेत स्वतंत्र सत्र हवे. कमिशन एरवी साक्षीदाराच्या ठिकाणी जाते. आता तंत्रज्ञानामुळे तोच पुरावा न्यायालयाच्या गावात नोंदवता येतो, असे तेथे म्हटले आहे. मग साक्ष दिली गेली कोठे, मुंबईत की न्यूयॉर्कमध्ये? शपथेवर खोटे बोलल्यास गुन्हा कोणत्या देशात घडला? निकालाचा भर आरोपीवर होता, आणि साक्षीदार ज्या भूमीवर बसला आहे त्या देशाचे म्हणणे त्या मानाने मागे पडले.

त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने एका दिवाणी वादात तपशीलवार अटी घातल्या: ओळखीचे शपथपत्र, पडद्यावरून शपथ, आणि साक्ष भारतीय न्यायालयाच्या कामकाजाच्या वेळेतच, अमेरिकेतील वेळेच्या गैरसोयीची सबब चालणार नाही. मुंबईत सकाळचे अकरा वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कला मध्यरात्रीनंतरचा साडेबारा झालेला असतो. याउलट फेब्रुवारी २०१६ मध्ये, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या प्रकरणात अमेरिकेत शिक्षा भोगणाऱ्या माफीच्या साक्षीदाराची साक्ष मुंबईच्या सत्र न्यायालयाने सकाळी सात वाजता सुरू केली. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. तेथे दोन देशांत परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००५ पासून अमलात होता. संमतीचा प्रश्न आधी सुटलेला असला की घड्याळाचाही सुटतो, हे यावरून दिसते.

सामान्य पक्षकाराच्या पाठीशी असा करार उभा नसतो. परदेशी स्थायिक मराठी कुटुंबांची प्रकरणे बहुधा वैवाहिक किंवा वारसाहक्काची असतात. मृत्युपत्रावरील साक्षीच्या एका सुनावणीत मी हजर होतो. परदेशातील साक्षीदाराला निशाणीवरची, म्हणजे पुराव्यात दाखल कागदावरची, सही ओळखायची होती. इकडे न्यायालयाच्या शिरस्तेदारांनी मूळ कागद कॅमेऱ्यासमोर धरला, तिकडे त्याची झेरॉक्स टेबलावर होती, आणि दोन्हींचे पान एकच आहे याची खात्री करण्यात वीस मिनिटे गेली. उलटतपासात विरुद्ध बाजूने एकच प्रश्न लावून धरला: ही साक्ष घेण्यास त्या देशाची परवानगी आहे का? कोणाकडेही उत्तर नव्हते आणि तारीख पडली.

दिवाणी आणि व्यापारी बाबींपुरते उत्तर शोधण्याची एक चौकट उपलब्ध आहे. परदेशात पुरावा घेण्याविषयीच्या १९७० च्या हेग करारात भारत २००७ साली सामील झाला. मात्र त्या करारात व्हिडिओचा उल्लेख नाही, आणि प्रत्येक देशाने आपापल्या अटी व हरकती नोंदवलेल्या आहेत. ब्रिटनमधील एका न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये परदेशातून तोंडी साक्ष घेण्यापूर्वी त्या देशाची हरकत नसल्याची खात्री व्हावी, असे ठरवले आणि तेथील यंत्रणा त्यानुसार बदलली.

आपल्याकडे २०२० च्या साथीनंतर आलेल्या, न्यायालयीन व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या आदर्श नियमांनी परदेशातील ठिकाणी आपल्या दूतावासाच्या अधिकाऱ्याला समन्वयक केले. म्हणजे २००३ ची काळजी नियमात उतरली, पण संमतीचा प्रश्न होता तेथेच राहिला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्ये ‘समक्ष’च्या जोडीला दृक्श्राव्य इलेक्ट्रॉनिक साधने आली आहेत, तीही राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ठिकाणी. शिवाय ते शब्द वकिलाच्या उपस्थितीला लागूनच आले असल्याने ते फक्त तेवढ्यापुरते आहेत की आरोपीच्या उपस्थितीलाही लागू होतात, यावर दोन मते संभवतात. परदेशातील वकिलातीची एखादी खोली महाराष्ट्र शासन आपल्या अधिसूचनेने ‘ठिकाण’ ठरवू शकेल काय, हा प्रश्न सध्याच्या आराखड्यात शेवटच्या दिवशी दुपारच्या सत्रात ठेवला आहे. तो पहिल्या दिवशी सकाळी घ्यावा, आणि जोडणी-कॅमेऱ्याची सत्रे त्यानंतर लावावीत, अशी माझी सूचना आहे.